काचघरातली खजुरी

लंडनला जाऊन आलेला माणूस गावी आला की त्याला दोन प्रश्न ठरलेले असतात. राणीचा राजवाडा पाहिलास का, आणि तिथे बर्फ पडतो म्हणतात ते खरं का. मी राजवाडा पाहिला नाही आणि माझ्या मुक्कामात बर्फही पडला नाही. सहा आठवड्यांत मी एक इस्पितळ पाहिलं, एक भाड्याची खोली पाहिली आणि थेम्सच्या काठची, क्यू भागातली ती जुनी प्रसिद्ध बाग दोनदा पाहिली. लोक प्रवासाच्या हकिगती हौसेने लिहितात. मला ही हकिगत हौसेने लिहिता येत नाही. पण गावात जो तो विचारतो आणि मी दर वेळी धुक्याच्या गप्पा मारून वेळ मारून नेतो, त्याचा आता कंटाळा आला आहे.

कुवेत

बासष्ट साल होतं. मला कुवेतात येऊन नऊ वर्षं झाली होती. राशिदशेटच्या पेढीत मी कारकून होतो. इंग्रजी पत्रं टाइप करायची, साहेब लोक आले की दुभाष्या व्हायचं, हे माझं काम. माझ्या इंग्रजीचा मला तेव्हा फार तोरा होता, हेही सांगून टाकतो.

राशिदचे वडील जुने गलबतवाले. कुवेतात त्यांना नोखदा म्हणत, आणि मी आपला आमच्या दाभोळकडच्या रीतीने नाखवा म्हणे. त्यांना ते आवडायचं, कारण हा शब्द त्यांनी आमच्याच किनाऱ्यावर ऐकलेला. तेल निघायच्या आधीपासून, चाळीस वर्षं, बसऱ्याचा खजूर भरून त्यांचं गलबत मुंबई, दाभोळ, जयगड करत कालिकतपर्यंत जायचं आणि सागवान, काथ्या भरून परत यायचं. त्यामुळे त्यांना एक मोडकीतोडकी बंदरी हिंदी येत होती. आमचं बोलणं अर्धं त्या हिंदीत आणि अर्धं अरबीत चाले. इथे मी बहुतेक मराठीतच लिहितो.

माझे वडील त्याच गलबतावर खलाशी होते. मी दहा वर्षांचा असताना ते वाटेत तापाने वारले आणि त्यांना समुद्रात सोडावं लागलं. बातमी घेऊन नाखवा स्वतः आमच्या दारी आले. एका हातात वडिलांचं बोचकं, दुसऱ्या हातात खजुराची करंडी. माझी मा दाराआडून एवढंच म्हणाली, "आमच्यासाठी काय बोलले?" नाखवा खाली बघत उभे राहिले. मग बोचकं उंबऱ्यावर ठेवून निघून गेले. मा चार महिने दहा दिवस इद्दतीत, विधवेच्या सुतकात, बसली, आणि तोच प्रश्न ती घरात येईल त्या बाईला विचारत राहिली. मी मात्र करंडीतले खजूर पोटभर खाल्ले. ते गोड लागले होते, हे आठवलं की अजून शरम वाटते.

पुढे मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनीच कुणाकरवी निरोप धाडून मला कुवेतला बोलावून घेतलं.

बासष्टपर्यंत नाखव्यांचं सगळंच सरलं होतं. गलबत विकलेलं. शर्क वस्तीतलं समुद्रालगतचं मातीचं घर सरकारने रस्त्यासाठी घेऊन पाडलेलं. राशिदने नव्या वसाहतीत सिमेंटचं दुमजली घर बांधलं होतं. त्यात फ्रीज होता, विजेचे पंखे होते, पण समुद्र ऐकू येत नव्हता. अंगणात नाखव्यांनी हाताने लावलेलं बोरीचं एक झाड तेवढं त्यांचं होतं. त्या झाडाखाली ते दिवसभर बसत आणि रस्त्याने जाणाऱ्या मोटारींना नावं ठेवत. मग त्यांना घास गिळवेना. आधी भात जाईना, मग भाकरी, मग मऊ केलेला खजूरही. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, लंडनला न्या.

राशिदला पेढी सोडून जाता येत नव्हतं. मला पाठवलं. विमानतळावर त्याने मला बाजूला घेतलं.

"डॉक्टर काय म्हणेल ते मला तारेने कळव," तो म्हणाला. "बाबांच्या कानावर वाईट शब्द पडता कामा नये. तू मधे आहेस. तू गाळून सांग."

मी मान डोलावली. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे तरी काय वेगळं असतं? आजार घरात सगळ्यांना ठाऊक असतो, शेजाऱ्यांना ठाऊक असतो, फक्त आजाऱ्याला सोडून.

लंडन

लंडनबद्दल पहिलं सांगायचं म्हणजे तिथला उजेड. दुपारी तीनला दिवेलागणीची वेळ होते आणि सकाळी नऊला पहाट. नोव्हेंबर लागलेला. कोळशाच्या धुराने भिंती काळ्या, माणसांचे कोट काळे, आणि सगळे गप्प. बसच्या रांगेत पन्नास माणसं उभी, पण एकाचं दुसऱ्याशी वैर असावं तशी.

खाण्याचे हाल विचारू नका. हलाल मांस कुठे मिळतं ते कळेपर्यंत आम्ही अंडी, पाव आणि उकडलेले बटाटे यांवर होतो. नाखव्यांना मासळीची याद आली. मी बाजारातून एक पांढरा जाड मासा आणला आणि घरमालकिणीच्या चुलीवर हळद-तिखट लावून तळला. घरमालकीण धावत वर आली, तिला वाटलं आग लागली. तिने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आम्ही दोघं थंडीत कुडकुडत जेवलो. नाखव्यांनी एक तुकडा चघळून ताटलीत परत ठेवला. "हा समुद्रातला नाही," म्हणाले. "हा नळाच्या पाण्यात वाढलेला आहे."

इस्पितळात तपासण्या चालू होत्या. मधे तीन दिवस मोकळे मिळाले. घरमालकीण तशी मनाची वाईट नव्हती. ती म्हणाली, म्हाताऱ्याला बागेत न्या, तिथे गरम झाडांचं काचघर आहे. टॅक्सी करून गेलो.

बाग म्हणजे आपल्याकडची बाग डोळ्यांसमोर आणू नका. कधीकाळी राजघराण्याची होती, आता कुणीही नाममात्र तिकीट काढून फिरावं. कोसभर हिरवळ, मधून रुंद वाटा, आणि दोन्हीकडे प्रचंड झाडं, पण एकाच्याही अंगावर पान नाही. नाखवा फाटकातच थांबले.

"ही सगळी मेली?"

"नाही. थंडीत पानं झडतात. उन्हाळ्यात परत येतात."

"सगळ्यांना येतात?"

"येतात म्हणे."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझं 'म्हणे' परत घ्यावंसं वाटलं.

चालून दम लागला म्हणून एका बाकाकडे वळलो. पाठीच्या फळीवर अक्षरं कोरलेली. काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. मी वाचून सांगितलं की एका बाईचं नाव आहे, तिला ही बाग आवडायची, ती गेल्यावर मुलांनी तिच्या नावाने बाक ठेवला.

"मग तिच्यावर बसायचं?"

"बसण्यासाठीच ठेवलाय, नाखवा."

"अजब लोक," ते म्हणाले आणि अगदी कडेला, पाहुण्यासारखे टेकले. आमच्या कबरस्तानात पाय जपून टाकतात. इथे लोक मेलेल्यांच्या नावाला पाठ टेकून सँडविच खातात.

काचघर दिसलं तसे ते उठून उभे राहिले. लोखंडी फासळ्या आणि त्यावर काचा, दोन्ही बाजूंनी गोल उतरत आलेल्या. "गलबत आहे," ते म्हणाले. "उपडं घातलंय."

आत पाऊल टाकलं आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. पुसून घातला तर समोर सुपारी. आमच्या परसात असते तशी, सरळसोट. तिच्या बुंध्याशी लॅटिन नावाची पाटी. पुढे नारळ, त्याला पाटी. केळ, तिलाही पाटी. ओल्या मातीचा तो वास आला आणि मला एकदम रडू फुटेल असं वाटलं. नऊ वर्षांत मी दोनदाच गावी गेलो होतो, आणि माझं परसू मला भेटलं ते इथे, तिकीट काढून.

नाखव्यांनी मफलर काढला, कोट काढला, मग बूटमोजेही काढले. ओल्या फरशीवर अनवाणी चालत ते एका खजुरीपाशी गेले, खोडावर हात ठेवला आणि वर बघत म्हणाले, "मादी आहे. हिचा नर कुठे आहे?"

एक पिकल्या केसांचा माळी रबरी नळीने पाणी घालत होता. बूट घालायला सांगायला तो आला असावा, पण मी नाखव्यांचा प्रश्न त्याला विचारला आणि तो विसरला. म्हणाला, एकच झाड आहे, माझ्या आधीपासूनचं. दर वर्षी फुलोरा येतो, वाळतो, आम्ही कापून टाकतो. फळ कधी धरलेलं नाही.

"कसं धरेल?" नाखवा म्हणाले. "वाऱ्यावर सोडून भागत नाही. माणसाने वर चढून नराची लोंबी मादीच्या फुलोऱ्यात बांधावी लागते. आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे." मी भाषांतर केलं. माळ्याने खिशातून वही काढून ते लिहून घेतलं.

तिसऱ्या प्रहरच्या असर नमाजाची वेळ झाली होती. नाखव्यांच्या खिशात गलबतावरच्या होक्याची छोटी पितळी डबी कायम असे. ती उघडून त्यांनी दिशा पाहिली, कोट अंथरला आणि त्या खजुरीखाली नमाज पढले. माळ्याने नळी बंद करून ठेवली. लंडनमधला तेवढा एकच दिवस मला चांगला म्हणून आठवतो.

डॉक्टर

डॉक्टरने मला खुर्ची दिली, तेव्हाच मी समजलो. नाखवा बाहेर बसले होते. अन्ननळीच्या खाली गाठ आहे, वाईट आहे, तो म्हणाला. ऑपरेशन करता येईल, पण या वयात टेबलावरच जाण्याची भीती मोठी, आणि वाचलेच तर थोडे महिने. केलं नाही तर दोन-तीन महिने. पण ते घरी, आपल्या माणसांत काढता येतील. मग तो म्हणाला, "शरीर त्यांचं आहे. निवड त्यांची. मी त्यांना आत बोलावतो. तुम्ही माझा शब्दन् शब्द सांगा."

मी एक दिवस मागून घेतला आणि तार केली. राशिदचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ऑपरेशन करा, बाबांना सांगू नका.

नाखव्यांना आत बोलावलं. डॉक्टर त्यांच्या डोळ्यांत बघून सावकाश, नीट बोलला. मी अरबीत सांगितलं, "आत एक गाठ आहे. ती काढतात. तीन आठवड्यांनी घरी."

नाखव्यांनी मान हलवली. डॉक्टर माझ्याकडे वळला. "यांनी हे फारच शांतपणे घेतलं."

"दर्यावर्दी आहेत," मी म्हणालो. माझं इंग्रजी त्या दिवशी कुठेही अडलं नाही.

डॉक्टरने विचार करायला दोन दिवस दिले. बाहेर आल्यावर नाखवा म्हणाले, "उद्या त्या खजुरीकडे चल."

पुन्हा काचघर

त्या दिवशी पाऊस होता, बारीक, न थांबणारा. बागेत चिटपाखरू नव्हतं. काचघरातल्या बाकावर बसलो. या वेळी त्यांनी कोट काढला नाही.

"डॉक्टर एवढा वेळ बोलला," ते म्हणाले, "आणि तू एवढंसंच सांगितलंस."

"इंग्रजीत शब्द जास्त लागतात."

"मी चाळीस वर्षं परक्या बंदरांत माल विकला आहे, इब्राहीम. शब्द किती लागतात ते मला ठाऊक आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी सतरा वर्षांत कुणाला सांगितलं नसावं.

"तुझा बाप मकरानच्या किनाऱ्यासमोर तापाने पडला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, नाखवा, दाभोळ किती लांब? वारा पडला होता. आठ दिवस तरी लागणार होते. पण गलबतावर आजाऱ्याला किनारा लांब सांगत नाहीत, ही आमची रीत. माझ्या बापाची, त्याच्या बापाची. मी म्हणालो, उद्या सकाळी. तो हसला. म्हणाला, मग घरीच बोलतो बायकोशी. आणि कुशीवर वळून निजला. दुपार टळायच्या आत गेला."

वरून काचांवर पाऊस वाजत होता.

"तुझ्या आईने विचारलं तेव्हा माझ्यापाशी द्यायला काही नव्हतं. मीच त्याला बोलू दिलं नव्हतं." त्यांनी माझं मनगट धरलं. हाडांचीच बोटं, पण पकड जुनी. "आता मी विचारतो. ती रीत माझ्याशी पाळू नकोस. लांब असेल तर मी उद्या विमानात बसतो. तिथे माझी बोर आहे, माझी म्हातारी आहे. मला तिला एक गोष्ट सांगायची आहे, फार वर्षं राहून गेली आहे. सच बोलो, इब्राहीम. किनारा कितना दूर?"

इथे मी थोडा थांबतो, कारण इथपर्यंत येऊन मला कायम खोटं बोलावंसं वाटतं.

मला दया आली होती, हे खरं. राशिदची तार खिशात होती आणि नोकरी त्याच्या हातात होती, हेही खरं. पण या दोन्हींच्या आधी मला राग आला. या माणसाने माझ्या बापाचे शेवटचे शब्द त्याच्या तोंडातून काढून घेतले. माझी मा ते शब्द आयुष्यभर शोधत राहिली. आणि हा इथे बसून माझ्याकडे स्वतःसाठी खरेपणा मागतो आहे. तो राग क्षणभरच होता. पण मी बोललो तो त्याच क्षणात.

"नजदीक है, नाखवा," मी म्हणालो. "तीन हफ्ते. बस."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मनगट सोडलं. "अल्हम्दुलिल्ला," म्हणाले आणि उठले.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मन हलकं करायला मी कैकदा स्वतःला सांगून पाहिलं आहे की त्यांनी ओळखलं असेल, ओळखून गप्प बसले असतील. पण तसं असतं तर ते थेट त्या माळ्याकडे गेले नसते. ते गेले, आणि मला म्हणाले, "सांग याला, वसंतात मी बसऱ्याहून नराची लोंबी पाठवतो. वाळवलेली चालते. कशी बांधायची ते लिहून पाठवतो. पुढच्या वर्षी याच्या झाडाला खजूर धरतील."

माळ्याचा चेहरा फुलला. त्याने वहीचं पान फाडून पत्ता लिहून दिला. नाखव्यांनी तो कागद घडी करून माझ्याकडे दिला, नीट ठेव म्हणाले. परत जाताना टॅक्सीत ते एक जुनं खलाशांचं गाणं पुटपुटत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो.

ऑपरेशन मंगळवारी झालं. ते शुद्धीवर आले नाहीत. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, गेले.

राशिदची तार आली, तिथेच दफन करा, उशीर नको. लंडनबाहेर मुसलमानांची एक दफनभूमी आहे. मौलवी, मी आणि ओळख ना पाळख असे दोन कामगार, एवढीच माणसं. चिकण मातीत खणलेल्या कबरीत पाणी साठलं होतं. खणणाऱ्याने ते बादलीने उपसून काढलं, तरी खालून झिरपतच होतं. किब्ल्याची, मक्केकडची दिशा मी नाखव्यांच्याच होक्यावर पाहून दिली. ज्या माणसाने कित्येकांना समुद्रात सोडलं, त्याला आम्ही परक्या चिखलात ठेवलं. कोरड्या देशाचा माणूस तो.

परत

राशिदने मला विमानतळावर मिठी मारली. "तू आमची लाज राखलीस," तो म्हणाला. "बाबांना शेवटपर्यंत कळू दिलं नाहीस." दोन दिवसांनी त्याने पेढीत माझ्यासाठी वेगळी खोली करून दिली. माळ्याचा पत्ता माझ्या पाकिटात होता. वसंत आला आणि गेला, बसऱ्याला पत्र टाकायला माझा हात काही धजला नाही. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

पण ते नंतरचं. उतरल्याच्या दिवशीच नाखव्यांचं सामान पोहोचवायला मी घरी गेलो. अंगणातल्या बोरीखाली त्यांचं बाजलं तसंच होतं. त्यांची बायको, उम्म राशिद, इद्दतीत बसलेली. मी आतल्या दाराच्या पडद्यापाशी बसलो. राशिद माझ्या शेजारी बसला. पडद्याखालून मी बोचकं आत सरकवलं. त्यात त्यांचा अंगावर घ्यायचा अबा होता, जपाची तस्बीह होती आणि होक्याची डबी. आत एकेक वस्तू उचलून ठेवल्याचा आवाज आला.

मग तिने विचारलं. आवाज म्हातारा, पण स्वच्छ.

"माझ्यासाठी काय बोलले?"

राशिद घाईने म्हणाला, "अम्मा, ते झोपेतच गेले. त्यांना काही त्रास झाला नाही."

"मी त्याला विचारते आहे."

मला पटकन एखादं वाक्य जोडता आलं असतं. जोडाजोडीत मी तोवर तरबेज झालो होतो. पण दाभोळच्या आमच्या दाराआड अजून एक बाई उभी होती, आणि मला एकाएकी उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना मीच उभा दिसलो.

"काही नाही, अम्मा," मी म्हणालो. "त्यांना तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. म्हणाले होते, फार वर्षं राहून गेली आहे. पण मी त्यांना सांगितलं, भरपूर वेळ आहे. म्हणून ते थांबले."

राशिदने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पडद्याआड तस्बीहचे मणी सरकत होते. मग ते थांबले.

मय्यतीच्या घरी आलेल्याला तिथे रिकाम्या तोंडी पाठवत नाहीत. पडद्याखालून एक म्हातारा हात बाहेर आला आणि त्याने खजुराची थाळी माझ्यापुढे सरकवली.

"खा," ती म्हणाली. "लांबून आलास."